बागुल सरांचं पहिलं प्रदर्शन

आमच्या चित्रकार मंडळाच्या अध्यक्षांनी बागुल सरांना फसवलं. पैसे बुडवले नाहीत, चित्रं पळवली नाहीत. सरांना थांबायला सांगितलं, आणि सरांकडे थांबायला वेळ नाही हे पक्कं ठाऊक असताना सांगितलं.

हे मी मंडळाच्या सभेत दोनदा बोलले. एकदा विषय पत्रिकेत नाही म्हणून मला खाली बसवलं. दुसऱ्यांदा मी उभी राहिले तेवढ्यात चहा आला. आता लिहिते. लिहिताना कोणी मध्ये चहा आणत नाही.

पण भांडण कळायचं असेल तर ज्यांच्यासाठी भांडतेय ते सर आधी कळायला हवेत. अध्यक्षांचं नंतर बघू.

बागुल सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मंडळाचे कार्यवाह होते. किती वर्षं होते ते कोणालाच आठवत नाही. बुटके, शर्ट बाहेर सोडलेला, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांचा ब्रश. रंगाच्या पाण्याला लोणच्याची एक बरणी होती, ती त्यांनी कधी घासलेली मी पाहिली नाही. चित्र काढताना शेजारी चहाचा ग्लास ठेवायचे आणि दर दोन-चार रविवारी ब्रश बरणीऐवजी चहात बुडवायचे. आमच्यात हे सगळ्यांचं होतं, पण बाकीचे चहा फेकून देतात. सर ग्लासात वाकून बघायचे, "पिवळाच आहे ना, मग चहाच तो," म्हणायचे आणि पिऊन टाकायचे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. चित्रं राहत. त्यामुळे ते माणसाला त्याच्या चित्रानं हाक मारायचे. "काय हो निळा बैल, आज उशीर?" असं ते एका बँकेच्या मॅनेजरला भर घाटावर विचारत. मॅनेजर मुकाट्यानं बसून घेत. माझं नाव 'सकाळचं पाणी' पडलं, त्याची गोष्ट आमच्या पहिल्या भांडणाची आहे.

माझे वडील सटाण्याला कांद्याच्या आडतीवर कामाला होते. लिलाव ऐकत मोठी झालेली मुलगी मी. समोरचा माणूस हातात माल कसा धरतो त्यावरून तो घेणार की नुसता वेळ काढणार हे मला कळतं. लग्न होऊन नाशिकला आले. कापडावर रंगवलं, दारावरच्या पाट्या रंगवल्या, मग गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटाची चित्रं काढू लागले. मला कोणी शिकवलं नव्हतं. यात्रेकरूंना काय आवडतं ते बघून बघून हात बसला: देऊळ, दिवे, एक नाव, पाण्यात सगळ्यांची सावली. नाव इथे कोणी चालवत नाही, पण नाव नसली की चित्र खपत नाही.

एका रविवारी पायऱ्यांवर चित्रं मांडून बसले होते. सर येऊन एका चित्रासमोर थांबले.

"हे पाणी सकाळचं की संध्याकाळचं?"

"तुम्हाला कुठलं पाहिजे?"

"म्हणजे?"

"देवघराजवळ लावणार असाल तर सकाळचं आहे. दिवाणखान्यात लावणार असाल तर संध्याकाळचं."

ते इतक्या जोरात हसले की शेजारचा फुलवाला वळून बघायला लागला. "विकता छान. पण कधी बघता का?"

मला राग यायला वेळ लागत नाही. "घ्यायचं नसेल तर पुढे व्हा. मागची गिऱ्हाइकं अडलीयत."

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तरी ते बाजूला झाले, त्या नसलेल्या गिऱ्हाइकांना हातानं "या, या" केलं, आणि पायरीवर बसून माझं बोलणं ऐकत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बागलाणनी शेस का तू?"

सासरी इतकी वर्षं दाबून ठेवलेली अहिराणी, ती या माणसाच्या तोंडून अशी अचानक समोर आली. मी हो म्हटलं.

"मग हाई चित्र तुनं नही," सर म्हणाले. हे चित्र तुझं नाही. "पुढल्या रविवारी विकायला येऊ नको. काढायला ये. कागद मी आणतो."

मी गेले. खरं सांगायचं तर फुकट कागद मिळतोय म्हणून गेले.

मंडळाचा रविवार असा असायचा. सकाळी घाटावर जमायचं, जिथे बसता येईल तिथे बसून काढायचं, ऊन चढलं की सगळ्यांनी आपापली चित्रं पायऱ्यांवर ठेवायची. सही चिमट्यानं झाकायची, कोणाचं चित्र आहे ते ठाऊक नाही असं समजून बोलायचं. अर्थात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. सरांची सगळ्यात मोठी शाबासकी "बरं आहे की" एवढीच. ती मिळाली की माणूस आठवडाभर घरात नीट वागायचा.

मग सर उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. कुठे प्रदर्शनाला चित्रं मागवलीयत, कुठे शिबिर आहे, कुठल्या शाळेला भिंत रंगवून हवीय, कुठली शिष्यवृत्ती कोणत्या वयापर्यंत. हे सगळं मोबाइलच्या ग्रुपवर टाकता आलं असतं. सर टाकायचे, पण घाटावर सांगून झाल्यावर. आणि सभासदांपैकी एकालाही आधी सांगायचे नाहीत. मी एकदा शिबिराचं काही कळलंय का म्हणून शनिवारी फोन केला, तर म्हणाले, "उद्या ये."

"आज सांगितलं तर काय बिघडेल?"

"संधी चारचौघांत सांगायची असते. कानात सांगितली की तिचा वशिला होतो."

पेठकडचे एक शिक्षक आमचे सभासद होते. त्यांच्या पाड्यावर फोनला रेंज नव्हती. त्यांना जमेल अशी एक भिंत आली, तेव्हा सर एसटीनं पेठला जाऊन सांगून आले, आणि येताना नागलीचं पीठ घेऊन आले. मी म्हटलं, "सर, पोस्टकार्ड टाकायचं ना." सर म्हणाले, "पोस्टकार्डाला कोणी नागली देतं का?"

स्वतः मात्र कुठेच चित्रं पाठवायचे नाहीत. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनातसुद्धा नाही. भिंतीवर जागा कमी आणि सभासद जास्त, मग कार्यवाहानं आपलं चित्र मागे घ्यायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "वाढणारा शेवटच्या पंगतीला बसतो." मी लग्नकार्यात पुष्कळ पंगती पाहिल्यात. शेवटच्या पंगतीला जिलबी संपलेली असते. हेही मी त्यांना सांगितलं होतं.

सरांना भांडता येत नसे, हा त्यांचा मोठा दोष. समोरचा जरा गोड बोलला की हे विरघळायचे.

त्र्यंबकला एक मोठं हॉटेल नवीन सुरू झालं. मालकानं सरांना निरोप धाडला: तुमचे वीस-पंचवीस चित्रकार घेऊन या, दिवसभर चित्रं काढा, जेवण आमच्याकडे. सर खूश. जाताना गाडीत मी विचारलं, "आणि चित्रं?"

"ती त्यांच्याकडेच राहणार. खोल्यांत लावणार आहेत म्हणे."

"म्हणजे एका जेवणात अख्खं हॉटेल सजवून देतोय आपण."

"जेवणात मांडे आहेत गं," सर पडेल आवाजात म्हणाले.

दुपारी मालक आले. अंगठ्या, अत्तर, तोंडभर हसू. मी सगळ्यांच्या वतीनं बोलायला उभी राहिले. सर ताबडतोब ताटात बघायला लागले.

मी म्हटलं, "शेठ, खोलीत पंखा कुठल्या कंपनीचा आहे?"

त्यांनी अभिमानानं नाव सांगितलं.

"ते नाव पंख्यावर लिहिलंय ना? नळावर, टीव्हीवर, गादीवर? मग चित्राखाली चित्रकाराचं नाव का नको? नाव, गाव आणि फोन. नाहीतर ही चित्रं आम्ही गाडीत घालून निघालो."

"ताई, जेवण तर होऊ द्या!"

"जेवण झाल्यावर आमचा आवाज बसतो, शेठ. आताच बोला."

नावांच्या पाट्या लागल्या. कागद-रंगांचा खर्चही निघाला. त्या पाट्यांवरून पुढे आमच्यातल्या तिघा-चौघांना कामं मिळाली. परतताना अंजनेरीचा डोंगर मागे पडल्यावर सर म्हणाले, "मला वाटलं तू मांडे परत करायला लावतेस." आणि मग, "यापुढे बोलणी तूच करायची. मी जेवतो."

मंडळात माझ्याकडे न शिकलेली, बाजारू चित्रं काढणारी बाई म्हणून बघायचे, ते त्या दिवसापासून थांबलं. सरांनी माझी भांडखोर जीभ मंडळाच्या कामाला लावली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, गिऱ्हाइकांनी जिला अवगुण म्हटलं ती गोष्ट एका माणसानं मान देऊन मागून घेतली.

पुढे राज्याच्या मोठ्या प्रदर्शनाला चित्रं मागवली. सरांनी घाटावर सूचना दिली आणि माझ्याकडे बोट केलं. मी माझा सगळ्यात मोठा घाट घेऊन इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. दिवे, देऊळ, नाव, सगळं. सरांनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि विचारलं, "पिशवीत दुसरं काय आहे?"

दुसरं म्हणजे एक लहान कागद होता. माहेरी गेले होते तेव्हा दुपारी बसून सहज काढलेली कांद्याची चाळ. बांबूच्या फटींतून आत जाणारा उजेड आणि आत नुसते कांदे, बाकी काही नाही.

"हे पाठव."

"सर, कांदे कोण विकत घेतं भिंतीवर लावायला?"

"कोणीच नाही. म्हणून तर ते तू विकायला काढलं नाहीस. बघायला काढलंस."

मी पुष्कळ वाद घातला. घाटाची फ्रेम करून झालीय, तिचा खर्च झालाय, सगळं बोलले. सर ऐकून घेत होते आणि दरम्यान तो लहान कागद बोर्डावर चिकटवत होते. शेवटी मी दमले. चाळ गेली आणि निवडली गेली. मुंबईला दालनात ती लागलेली पाहिली तेव्हा वडील सोबत होते. त्यांनी चित्राजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "माल चांगला आहे. टिकाऊ आहे." आयुष्यात माझ्या चित्राबद्दल ते एवढंच बोलले. आज मी चार मुलींना हाताखाली घेऊन काम करते, माझा भाव मीच सांगते आणि तो मिळतो. त्याचं मूळ त्या दुपारी सरांच्या खोलीत आहे. हे ऋण फिटणारं नाही, आणि ऋण ठेवून घेण्याचा माझा स्वभाव नाही. म्हणून जीव जास्त जळतो.

आता फसवणुकीकडे येते.

सरांच्या चित्रांत डावीकडचा कोपरा कोरा राहायला लागला. रविवारी लोक म्हणायचे, "वा सर, काय मोकळी जागा सोडलीत!" सर हसायचे. मी तीन-चार रविवार बघितलं. नंतर एकदा मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांना कळलंच नाही.

काचबिंदू होता. उशिरा कळला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. सरांनी कार्यवाहपद सोडलं. लोकांना वाटलं वय झालं.

त्याच सुमाराला मंडळाला स्वतःचं दालन मिळालं. चार भिंती, वर दिवे, गंगेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. सगळ्या सभासदांच्या सभेत एकमतानं ठरलं की पहिलं प्रदर्शन बागुल सरांचं. टाळ्या वाजल्या. सर उठून काहीतरी बोलले, कोणालाच नीट ऐकू आलं नाही. घरी सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "सगळी चित्रं एका भिंतीवर एकत्र मी कधी पाहिली नाहीत गं. पलंगाखाली एकावर एक असतात. एकदा लांब उभं राहून बघायचंय."

एवढंच हवं होतं त्यांना. मोठेपणा नको, हार नकोत. दिसतंय तोवर आपली चित्रं भिंतीवर बघायची.

नंतर अध्यक्षांनी चार माणसांच्या कमिटीत, बंद खोलीत, पहिलं प्रदर्शन बाहेरच्या एका नामवंत चित्रकाराला दिलं. पेपरवाले येतील, पाहुणे येतील म्हणून. घाटावर ना चर्चा, ना सूचना. सरांना फोनवर म्हणाले, "तुमचं काय सर, घरचंच आहे. पावसाळ्यानंतर घेऊ."

मी भांडायला निघाले होते. सरांनी अडवलं. "मी बोलतो."

ज्या माणसानं कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही, तो माझ्या स्कूटीवर मागे बसून अध्यक्षांच्या घरी गेला. मी दारातच उभी राहिले, आत गेले तर तोंड उघडेन म्हणून. सर म्हणाले, "साहेब, माझी नजर जातेय. दिवाळीपर्यंत राहील असं वाटत नाही. चार दिवस द्या. चारही नको, दोन द्या."

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो सर, हल्ली विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. डोळ्यांचं काय घेऊन बसलात! आपण तुमचं मोठं करू, दणक्यात करू. घाईत उरकण्यासारखे आहात का तुम्ही?"

सर म्हणाले, "बरं." तेवढं गोड बोलणं त्यांना पुरलं. उतरताना जिन्यावर मी कठड्यावर हात आपटला. सर म्हणाले, "माझ्यासाठी भांडू नकोस. मंडळ फुटेल. मंडळ लोकांना लागतं."

माझ्या घरी लावू म्हटलं, मी बसून काम करते ते दुकान रिकामं करून लावू म्हटलं. सर नाही म्हणाले. सभेनं दिलंय ते सभेच्या भिंतीवरच घेणार. हट्ट म्हणा. पावसाळा गेला. मग भिंतीला ओल आली. मग दिवाळीचं सामूहिक प्रदर्शन. मग अध्यक्षांच्या ओळखीतलं एक छायाचित्रांचं. मधल्या एका सकाळी सरांनी रंगाची वडी नाकाशी धरून विचारलं, "हा निळा आहे का?" तो लाल होता.

अखेर तारीख मिळाली तेव्हा सरांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

तरी त्यांनी तयारी केली. मी पलंगाखालची चित्रं एकेक काढून सांगायची, ते क्रम सांगायचे. प्रत्येक फ्रेमच्या कडेवरून हात फिरवायचे आणि तो क्रम पाठ करायचे. "लोक येतील, त्यांना चित्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आंधळा दिसलो तर लोक चित्र बघणार नाहीत, माझ्याकडेच बघतील." समोरची मुख्य भिंत त्यांनी एकाच चित्रासाठी ठेवली होती: गंगापूर धरणावरचं धुकं, आणि त्यात एक म्हैस, आहे की नाही अशी. आदल्या संध्याकाळी सगळी चित्रं मी माझ्या हातानं टांगली. तेही टांगलं.

दुसऱ्या दिवशी सरांना रिक्षातून घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला ब्रश. दारात म्हणाले, "हात धरू नको." मी एक पाऊल मागून चालले. पुष्कळ लोक जमले होते. पेठचे शिक्षक आले होते, 'निळा बैल' साहेब आले होते. सर भिंतीच्या कडेकडेनं एका चित्रापासून दुसऱ्याकडे जात बोलत होते. हा पूर इतका वाढला की मी वर सरकत गेलो आणि चित्र लहान होत गेलं. ही भाजीवाली मला म्हणाली, मेथी नीट काढा, विकायचीय. लोक हसत होते. सरांचा आवाज मोकळा होत चालला होता. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते मुख्य भिंतीकडे वळले, आणि मी पाहिलं.

धुक्याचं चित्र तिथे नव्हतं. त्या जागी फ्लेक्स लावला होता. पाहुण्यांचं हार्दिक स्वागत, आणि खाली अध्यक्षांचा हात जोडलेला, माणसाएवढा फोटो. चित्र मला नंतर बाजूच्या सामानाच्या खोलीत सापडलं, दाराआड, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं.

सर फ्लेक्ससमोर उभे राहिले. थोडे मागे सरकले, लांबून बघतात तसे.

"हे माझं सगळ्यात आवडतं," ते म्हणाले. "यात पांढरा रंग शोधू नका, मी वापरलेलाच नाही. धुकं म्हणजे नुसता सोडलेला कागद आहे. माणसाला वाटतं काढावं, अजून काढावं. इथे मी हात आवरला. आणि खाली डावीकडे बघा, म्हैस दिसेल. लगेच नाही दिसणार. जरा थांबा."

सगळे जण त्या फोटोकडे बघत, माना हलवत उभे राहिले. पेठच्या शिक्षकांनी शर्टाची बाही डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "दिसली, सर."

"दिसली ना?" सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. अध्यक्ष शाल घेऊन शेजारीच उभे होते. पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. मधल्या काळात मी त्यांना अनेकदा भेटले, पण माझ्या मनात ते तिथेच उभे आहेत: पाठ ताठ, मान किंचित कललेली, लोकांना म्हैस दिसेपर्यंत थांबलेले. त्या दिवशी सरांसाठी मी तोंड बंद ठेवलं. आता सर नाहीत, आणि मंडळ फुटायचं असेल तर यानं फुटू दे.

अध्यक्ष, तारखा तुम्ही पुढे ढकलल्यात, त्याची कारणं तुमच्याकडे तयार असतील. ती मी ऐकलीयत. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. मी संध्याकाळी टांगलेलं ते चित्र सकाळी कोणी उतरवलं, आणि सर त्या भिंतीसमोर उभे राहून बोलत होते तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहून नेमकं काय बघत होतात?